झाडाखालचं वळण

मीटरचे आकडे टिपत फिरलो सव्वीस वर्षं,
तांडापेठेतल्या गल्ल्या टाचांना पाठ.
नकाशावर मात्र तिथे नुसता राखाडी चौकोन,
नाईक तलावापाशी येऊन
शहराला डुलकी लागल्यासारखा.

मग हेडाऊंच्या पल्लवीनं मोबाइल पुढे केला:
हा नकाशा कोणा कंपनीचा नाही, काका,
ज्याला येईल त्यानं काढायचा.
तुम्हीही ओढा एक रेघ.

मे महिना. कूलरला वाळ्याचा ओला वास.
दुपारी दोन ते पाच मी रेघा ओढत बसलो:
सोनकुसऱ्यांचा बंद माग, पिठाची चक्की,
विहाराची पायरी, बोरिंग,
आणि जिला नाव नव्हतं ती गल्ली.
लटारू निनाव्याची गल्ली, मी लिहिलं.
कोणीतरी विचारलं, याला आधार?
मी लिहिलं, लटारू.

एका सकाळी पाहतो तर गल्ली सरळ झालेली.
फिनलंडचा कोणी युहा, रात्रभर जागून
आमच्या पेठेची इस्त्री करून गेला होता.
वरून बघणाऱ्याला झाड दिसतं,
झाडाखालचं वळण दिसत नाही.
पल्लवीकडून मी त्याला तेवढंच कळवलं.
दुसऱ्या दिवशी वळण परत जागेवर,
आणि वळणावर एक हिरवा ठिपका.
न पाहिलेल्या गावात
त्यानं कडुनिंब लावला होता.

त्या दिवशी मी तर्री-पोह्याची दुसरी प्लेट घेतली,
कारण कोणाला सांगितलं नाही.

अकरा जण झालो आम्ही. पेठ भरत गेली.
देशी दारूची चारही दुकानं पहिल्याच आठवड्यात सापडली,
सुईण वच्छलाबाई कोणालाच सापडली नाही.
(दहा पुरुष, एक पल्लवी. तिचं नर्सिंगचं वर्ष होतं.)
नळासाठी खूण होती. पण नळ येतो
रात्री तीन चाळीसला, वीस मिनिटं,
आणि कोणाची बादली कोणाच्या पुढे,
त्याला रकाना नव्हता.

पार्सलवाला पोट्टा आता न विचारता दारात.
कसं सापडलं रे?
ॲपमध्ये आहे ना काका, कंपनीचा नकाशा हाय.
खाली कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत
आमचे सगळ्यांचे आभार.
मी चष्मा काढला, पाणी दिलं त्याला.

दिवाळीनंतर नोटीस आली.
नाल्याकाठची एकोणीस घरं, अतिक्रमण.
सोबत टाचलेला कागद.
एकोणीस चौकोन मी लगेच ओळखले:
सातव्याचा कोपरा जरा बाहेर गेलाय,
तिथे माझा हात थरथरला होता.

पुसून टाकू? पल्लवी म्हणाली.
पुसली. एक एक करून, देव्हारा हलवावा तशी.
तासाभरात युहानं सगळी परत आणली.
चुकून गेली असावीत, त्यानं लिहिलं,
आणि पुढे एक हसरा चेहरा.

त्याचं काय चुकलं?
घरं तर होतीच.

वकील म्हणाले, कधी काढली ही घरं?
तारीख दिसते का?
दिसते. नाव, तारीख, मिनिटसुद्धा.
मग द्या एक प्रत, चालेल.
आता दोन्ही फायलींत एकच कागद आहे,
एकात घरं पाडण्यासाठी, एकात राखण्यासाठी,
आणि दोन्हींत तो कडुनिंब.

पुढची तारीख सतरा.
आज रात्री तीन चाळीसला नळ आला.
वच्छलाबाईची बादली पहिली होती,
कारण तिला पहाटे टिमकीला बाळंतपणाला जायचं होतं,
आणि सगळ्यांनी, न बोलता,
आपापली भांडी एक वीत मागे सरकवली.

हे कुठे नोंदवायचं,
युहाला विचारावंसं वाटलं.
तिकडे अजून रात्र बरीच बाकी असेल.